जयविलास प्रासाद, ग्वाल्हेर

मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर येथील शिंदे घराण्याचा राजवाडा व त्यातील वस्तुसंग्रहालय. जयाजीराव शिंदे (कार. १८४३–८६) यांच्या कारकीर्दीत १८७४ मध्ये तो बांधून झाला. इटालियन धाटणीच्या या प्रासादाचा काही भाग घराण्याच्या निवासासाठी राखून ठेवलेला असून उरलेल्या भागात १९६४ पासून संग्रहालय आहे.

शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. बोरघाट चढून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेस महादजी शिंदे, हरिपंत फडके आदी सरदारांनी जानेवारी १७७९ मध्ये मावळात तळेगाव-वडगावच्या परिसरात कोंडले व १६ जानेवारी रोजी तिला वडगावचा तह करणे भाग पाडले. त्यानंतर शंभर वर्षे पुरी होण्याच्या आतच याच घराण्याने इंग्लंडच्या युवराजाचा पाहुणचार जयविलासमध्ये केला (१८७६). हे स्थित्यंतर ध्यानात घेतल्याखेरीज या वास्तूचा अर्थ नीट उलगडत नाही.

दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपली छावणी स्थिर केली. तीच पुढे लष्कर या नावाची राजधानी झाली. १८४३ मध्ये महाराजपूरच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव होऊन संस्थानावर इंग्रजांचे वर्चस्व पक्के झाले. १८५७ च्या उठावात जयाजीराव इंग्रजांच्या बाजूस राहिले. तात्या टोपे, रावसाहेब पेशवे व झाशीची राणी लक्ष्मीबाई यांनी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर घेतले, परंतु काही दिवसांतच इंग्रजांनी ते जिंकून जयाजीरावांना परत गादीवर बसविले. किल्ला मात्र त्यांनी आपल्याकडेच ठेवला. झाशीच्या मोबदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला तो १८८६ मध्ये. म्हणजे हा प्रासाद उभा राहिला तेव्हा वरील किल्ल्यावर इंग्रज शिबंदी होती. राज्याच्या वैभवाचे दर्शन घडविण्यास संस्थानिकाजवळ तटबंदीऐवजी दरबारी दालनच काय ते उरले होते.

प्रासादाचा वास्तुशिल्पज्ञ सर मायकेल फिलोज हा शिंद्यांच्याच पदरच्या घराण्यातील. त्याचा पूर्वज नेपल्सहून हिंदुस्थानात येऊन अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंद्यांच्या कवायती फौजेत चाकरीस राहिला होता. तेव्हा येथील इटालियन शैली केवळ नमुन्यांच्या पुस्तकांतून उचललेली नाही. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा सेवासंबंध आहे. तळमजला टस्कन, पहिला मजला इटालियन-डोरिक व दुसरा मजला कॉरिंथियन स्तंभरचनेचा आहे. सु. ३० मी. लांब व १५ मी. रुंद अशा दरबार दालनाच्या छतास प्रत्येकी सु. साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे टांगलेली आहेत. छत हा भार पेलील की नाही हे अजमावण्यासाठी त्यावर हत्ती चढविले होते, अशी कथा सांगतात. भिंतींवरील सोनेरी नक्षीकाम डोळे दिपविणारे असले, तरी त्यात प्रमाणबद्धतेपेक्षा ऐश्वर्याचे प्रदर्शन अधिक आहे.

संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. अखेरचे सत्ताधीश जिवाजीराव १९६१ मध्ये निवर्तले; त्यांच्या स्मरणार्थ विजयाराजे शिंदे यांनी संग्रहालय सुरू केले. सु. ३५ दालनांत काचेचे व यूरोपीय घाटाचे फर्निचर, गालिचे, लघुचित्रे, पालख्या, बग्ग्या व शस्त्रे मांडलेली आहेत. त्यांत औरंगजेब व शाहजहान यांच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या तलवारी आणि राणी लक्ष्मीबाईची मानली जाणारी ढाल यांचा समावेश होतो. जेवणाच्या मेजावर रुळांवरून पाहुण्यांकडे मद्य व चिरूट नेणारी चांदीची छोटी आगगाडी सर्वाधिक लोकप्रिय आहे. पात्र उचलताच ती थांबते. प्रेक्षकांची गर्दी तिच्याभोवतीच होते. वस्तुतः जन्माष्टमीला बाळकृष्णासाठी वापरला जाणारा इटालियन काचेचा पाळणा अधिक बोलका आहे, कारण त्यात परदेशी कारागिरी घरच्या कुळाचारात सामावून गेलेली दिसते.

मराठ्यांच्या इतिहासासंबंधीचे स्वतंत्र दालन येथे २०२२ मध्ये उघडण्यात आले. महादजींची छत्री मात्र पुण्याजवळ वानवडी येथे आहे. तेथेच १७९४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.