कष्टकऱ्यांचे जॅकेट आणि त्याची इज्जत

कपड्यांवरून माणूस ओळखला जातो, असे आपण म्हणतो. पण कपड्याची किंमत कशावरून ठरते? ब्रिटनमधील कामगारांच्या दोन जुन्या जॅकेटांची हकीकत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. दोन्ही एकाच सुमारास, थंडी-पावसात राबणाऱ्या माणसांसाठी तयार झाली. पुढे एक राजघराण्यात पोहोचले, तर दुसऱ्याचे नाव टोमणा म्हणून वापरले गेले.

कालवा खोदणाऱ्यांचे जॅकेट

मँचेस्टर शहरापर्यंत जहाजे आणण्यासाठी १८८७ मध्ये सुमारे ५८ किलोमीटर लांबीचा कालवा खोदायला सुरुवात झाली. हजारो मजूर चिखलात आणि गार वाऱ्यात काम करत. त्यांच्यासाठी १८८८ मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातील रूजली गावच्या जॉर्ज की यांनी जाड लोकरीचे जॅकेट बनवले, असे सांगतात. तेच डाँकी जॅकेट. कालव्यावर वाफेची ‘डाँकी इंजिने’ होती. त्यांच्यावरून हे नाव पडले, असे म्हणतात.

त्याचे कापड विणल्यानंतर आटवून घट्ट केलेले असे, त्यामुळे वारा आत शिरत नसे. वाकताना अडचण होऊ नये म्हणून लांबी बेताची. ओझे खांद्यावर घेतल्याने कापड तिथेच आधी झिजते आणि पाऊसही तिथेच आधी मुरतो, म्हणून खांद्यांवर चामड्याचा पट्टा. शोभेसाठी त्यात काहीच नव्हते.

समुद्रकाठचे मेणकापड

१८९४ मध्ये, कालवा वाहतुकीला खुला झाला त्याच वर्षी, साउथ शील्ड्स या बंदरात जॉन बार्बर यांनी दुकान काढले. खलाशी, कोळी आणि गोदी कामगार हे त्यांचे गिऱ्हाईक. त्या काळी सुती कापडाला जवसाचे तेल लावून ते जलरोधक करत. पण असे कापड पिवळे पडे आणि थंडीत ताठ होई. पुढे तेलाऐवजी मेण आले. मेणकापड लवचीक राहते आणि पाणी वरच्या वर ओघळून जाते.

काही वर्षांनी मेण कमी होते, तेव्हा पुन्हा ऊन मेण चोळून कापड ताजे करतात. हे जॅकेट यंत्रात धूत नाहीत, गार पाण्याच्या फडक्याने पुसतात. बार्बर कंपनी आपली जुनी जॅकेट परत घेऊन त्यांना मेण लावून देते, ठिगळेही लावून देते. ब्रिटनचे राजे चार्ल्स ठिगळांचे जॅकेट घालून टीव्हीवर दिसले आहेत. राजाच्या अंगावरचे ठिगळ लोकांना साधेपणा वाटले.

एका कोटावरून गदारोळ

दुसऱ्या जॅकेटाच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. ८ नोव्हेंबर १९८१ रोजी लंडनमध्ये युद्धातील मृतांना अभिवादन करण्याचा सोहळा होता. मजूर पक्षाचे नेते मायकेल फूट हिरवट रंगाचा आखूड कोट घालून आले. तो डाँकी जॅकेट नव्हताच. पण वृत्तपत्रांनी आणि विरोधकांनी तसे म्हणून त्यांना धारेवर धरले. कामगारांच्या पक्षाच्या नेत्याला कामगारांच्या पोशाखाचे नाव शिवीसारखे चिकटवले गेले. तीन वर्षांनी, १९८४-८५ च्या संपात खाणकामगार हेच जॅकेट घालून थंडीत पहारे देत उभे होते. फूट यांचा तो कोट आज मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

डोंगरीचे कापड

कामाच्या कपड्यांच्या या घराण्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. डोंगरीच्या नावाने ओळखले जाणारे जाडेभरडे सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांना सतराव्या शतकापासून ठाऊक होते. त्यावरूनच इंग्रजीत ‘डंगरी’ हा शब्द गेला. खलाशांच्या आणि पुढे कारखान्यांतील कामगारांच्या पोशाखाला तेच नाव मिळाले. आज लहान मुलांसाठी हौसेने डंगरी विकत घेताना हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अशी जॅकेट आता मोठ्या शहरांत फॅशन म्हणून महाग विकली जातात. ज्यांच्यासाठी ती शिवली, त्यांना ती परवडतीलच असे नाही. तरीही त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. कापड मजबूत असावे, शिवण पक्की असावी आणि कपडा दुरुस्त करता यावा. एका हंगामात विटणाऱ्या चार स्वस्त कपड्यांपेक्षा दहा वर्षे टिकणारा एक कपडा घरखर्चाला हलका पडतो. आपल्याकडे रफूगर आणि शिंपी अजून आहेत. त्यांच्या हुनराची कदर केली तर त्यांची रोजी चालेल आणि आपले कपडेही टिकतील.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. राजाचे ठिगळ साधेपणाचे आणि मजुराचे ठिगळ गरिबीचे, असा भेद कपडा करत नाही. तो आपली नजर करते. कोपरावर झिजलेली बाही दिसली, तर त्यामागे कोणाची तरी दिवसभराची मेहनत आहे, हे त्यांना आधी दिसले पाहिजे.