पट्टी तपासण्याआधी कॅल्क्युलेटर कोरा करा

तूर घेऊन तुम्ही दुधनीच्या बाजार समितीच्या आवारात आलात, काटा झाला, भाव ठरला, की उरते ती हिशोबपट्टी. अक्कलकोट तालुक्यातले हे गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून आहे. इथे मराठीही चालते आणि कानडीही. पण दिवाणजींच्या पुढ्यातल्या कॅल्क्युलेटरच्या बटणांवरची अक्षरे या दोन्हींपैकी एकाही भाषेतली नाहीत. म्हणून आपण आकडे पाहतो, अक्षरे सोडून देतो. खरी चूक होते ती या अक्षरांच्या बटणांपाशी.

आधी सहा पोत्यांचे वजन घ्या. ५१.२, ५०.६, ५२.४, ४९.८, ५० आणि ५१ किलो. बेरीज ३०५ किलो, म्हणजे ३.०५ क्विंटल. २०२४-२५ च्या खरिपाचा तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. त्या दराने रक्कम झाली २३,०२७ रुपये ५० पैसे.

आता समजा, तिसऱ्या पोत्याचे ५२.४ टाकताना टिंब राहून गेले आणि पडद्यावर ५२४ उमटले. घाबरून 'एसी' दाबू नका. एसी म्हणजे सगळे साफ, आधीच्या दोन पोत्यांची बेरीजही गेली. इथे 'सीई' दाबायचे. त्याने शेवटी टाकलेला आकडा तेवढा पुसतो, १०१.८ ची बेरीज शाबूत राहते. मग ५२.४ टाकून पुढे चला.

पण ५२४ टाकून अधिकचे बटण दाबून झाले असेल, तर सीईचा उपयोग नाही. आकडा बेरजेत मिसळला, पडद्यावर ६२५.८ आले. आता वजाचे बटण दाबून ५२४ वजा करा, १०१.८ परत येतील, आणि मग खरे वजन मिळवा. पोती पन्नास असली, तर एवढ्या एका युक्तीने पुन्हा पहिल्यापासून मोजण्याचा ताप वाचतो.

बटणांची नावे मात्र सगळीकडे सारखी नाहीत, ही कंपन्यांची मोठी खोड आहे. कॅसिओच्या टेबलावरच्या यंत्रांवर एसी सगळे पुसते आणि नुसते 'सी' शेवटचा आकडा पुसते. दुसऱ्या कित्येक यंत्रांवर नुसते सी दाबले की सगळेच जाते. काहींवर 'सी' आणि 'सीई' एकाच बटणावर असतात; एकदा दाबले तर आकडा जातो, दोनदा दाबले तर सारे. तेव्हा यंत्र नवे असेल तर आधी चाचणी घ्या. ५ अधिक ३ टाका, बरोबर न दाबता ते बटण दाबा, मग २ टाकून बरोबर करा. ७ आले तर ते बटण फक्त आकडा पुसणारे. २ आले तर सगळे पुसणारे.

याहून जास्त जपायचे ते 'एम' अक्षराला. ही यंत्राची कणगी समजा. 'एम अधिक' दाबले की रक्कम कणगीत जाते, आणि पडद्यावर बारीक एम दिसू लागतो. बऱ्याच यंत्रांत एसीने पडदा कोरा होतो, पण कणगी तशीच भरलेली राहते. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले तरी काहींत ती रिकामी होत नाही.

याने काय होते पाहा. हिशोबापुरते धरू की पोत्यामागे हमाली १० रुपये आणि तोलाई ३ रुपये. तुमच्या सहा पोत्यांचे ६० आणि १८ मिळून ७८ रुपये कपात. पण तुमच्या आधीच्या शेतकऱ्याची आठ पोती होती आणि त्याचे १०४ रुपये कणगीत राहून गेले. मग तुमची कपात निघेल १८२ रुपये. हातात २२,९४९ रुपये ५० पैसे पडायचे, तिथे २२,८४५ रुपये ५० पैसे पडतील. यात कोणाची लबाडी नाही, दिवाणजींचा हात फक्त सवयीने एसीवर गेला. तरी १०४ रुपये तुमचेच गेले.

म्हणून हिशोब सुरू होण्याआधी पडद्याकडे नजर टाका. कोपऱ्यात एम दिसला तर "आधी मेमरी काढा" असे सरळ म्हणा, यात संकोच कसला? 'एमसी' बटण असेल तर ते एकदा दाबायचे. 'एमआरसी' असेल तर दोनदा. पहिल्यांदा साठलेला आकडा दिसतो, दुसऱ्यांदा तो पुसला जातो. 'जीटी' म्हणजे एकूण बेरीज. 'बरोबर' दाबून आलेली प्रत्येक रक्कम तिच्यात साठत जाते. बहुतेक यंत्रांत ती एसीने जाते, पण जीटीची खूण पडद्यावरून गेली की नाही ते बघून घ्या.

काही यंत्रांना 'चेक'ची बटणे असतात. ती दाबत गेले की टाकलेला एकेक आकडा पुन्हा समोर येतो. पोत्यांची वजने काट्याच्या चिठ्ठीशी ताडून बघायला याच्यासारखी सोय नाही. मात्र एसी दाबली की ही नोंदही जाते. म्हणून पडताळा घ्यायचा तो बेरीज झाल्याझाल्या, पुढच्या शेतकऱ्याचे नाव पुकारण्याआधी.

मोबाइलवर हिशोब करत असाल तर टाकलेले आकडे ओळीत दिसतात, तिथे चूक सापडणे सोपे. एकेक अंक मागे पुसायचे बटणही असते. घरी शाळेत जाणारे मूल असेल तर मागच्या हंगामाची पट्टी त्याच्यापुढे ठेवा आणि पोत्यांपासून कपातीपर्यंत सगळे त्याला करू द्या. घरच्या बाईनेही सोबत बसावे, कारण आठवड्याचा बाजार आणि दुधाचा हिशोब पुष्कळ घरांत तीच बघते. यंत्रावर 'ई' अक्षर येऊन सारे अडून बसले, तर यंत्र बिघडले असे समजू नका. आकडा त्याच्या पडद्यात मावला नाही, किंवा शून्याने भाग दिला गेला, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यापुरते मात्र बिनधास्त एसी दाबा.