स्तनात गाठ नाही, तरीही कॅन्सर?

स्तन लाल होतो, सुजतो, गरम लागतो. पण गाठ हाताला लागत नाही. दूध साकळले असेल म्हणून अँटिबायोटिक दिले जाते, आणि बहुतेकदा ते बरोबरच असते. मात्र आठ-दहा दिवसांत उतार पडला नाही, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, तर दुसऱ्या कोर्सची वाट पाहू नका. बाई अंगावर पाजत नसेल तर शंका आणखी लवकर घ्यावी. हा ‘इन्फ्लेमेटरी’ कॅन्सर असू शकतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याचे प्रमाण जेमतेम १ ते ५ टक्के, पण तो काही आठवड्यांतच पसरतो. हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयातून नाशिकला बायोप्सीसाठी चिठ्ठी मागा. त्यात कातडीचाही तुकडा तपासतात. उपचारात आधी केमो, मग शस्त्रक्रिया, नंतर रेडिएशन. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा.