ब्रेक लागला नाही, मग भरपाई कोणाची?

पहिला मोठा पाऊस पडला की रस्त्यावर दोन-चार ठिकाणी हमखास एकच दृश्य दिसते. मोटारसायकल घसरलेली असते, रिक्षाचा पत्रा चेपलेला असतो, नाहीतर कुणाची भाजीची हातगाडी आडवी झालेली असते. ज्याचे वाहन येऊन आदळले तो सांगत असतो, “अहो दादा, माझी काय चूक? रस्ता ओला होता, ब्रेक लागलाच नाही.” जमलेली माणसेही मान डोलावतात. जखमीच्या हातावर पाचशे रुपये ठेवले जातात आणि सगळे आपापल्या वाटेने निघून जातात.

कष्टकरी माणूस फसतो तो इथेच. मनगट रात्री सुजते, दुसऱ्या दिवशी एक्स-रेत हाड मोडलेले निघते, महिना-दीड महिना काम बंद पडते. तोपर्यंत ना गाडीचा नंबर लक्षात असतो, ना पोलिसांत नोंद असते. पाचशे रुपये मात्र “तडजोड” म्हणून घेतलेले असतात. म्हणून वाचकहो, अपघात किरकोळ असला तरी कायदा काय म्हणतो आणि विमा कोणासाठी असतो, एवढे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

निसरडा रस्ता ही सबब नव्हे

उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल, टायरचे झिजलेले रबर आणि धूळ पहिल्या पावसात वर येते. त्याचा बुळबुळीत थर होतो आणि चाक धरत नाही. हे कोणत्याही वाहनचालकाला माहीत असते. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत सांगितले आहे, की ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या निदान दुप्पट अंतर लागते आणि बर्फावर ते दहापटीपर्यंत जाऊ शकते. आपल्याकडे बर्फ नाही, पण पहिला पाऊस आहे. तत्त्व एकच. रस्ता जितका वाईट, तितका वेग कमी आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर जास्त. आपल्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांतही पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर ठेवण्याचे बंधन आहे. म्हणजे “ब्रेक लागला नाही” असे म्हणणारा चालक बहुतेक वेळा आपला वेग जास्त होता हेच सांगत असतो.

समजा, चालकाची खरोखरच चूक नव्हती. तरीही जखमी वाऱ्यावर पडत नाही. कौशनुमा बेगम यांच्या प्रकरणात जीपचे टायर फुटून गाडी उलटली आणि पायी चालणारा एक माणूस मरण पावला. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही. तरी २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने वारसांना भरपाई दिली. रस्त्यावर वाहन आणणाऱ्याने त्याच्या धोक्याची जबाबदारीही घेतली पाहिजे, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

याला दुसरी बाजूही आहे. जखमीचीही चूक असेल, म्हणजे तो मोबाईलवर बोलत एकदम रस्त्यात आला असेल, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. लाख रुपये ठरले आणि चौथा हिस्सा चूक त्याची निघाली, तर हाती पंचाहत्तर हजार येतात. पण चूक थोडी आपलीही होती म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही.

मोडलेले हाड आणि पाचशे रुपये

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हाड मोडणे, सांधा निखळणे, दात तुटणे ही कायद्याच्या भाषेत “गंभीर दुखापत” आहे. मोटार वाहन कायद्याचे नवे कलम १६४ दिनांक १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्याप्रमाणे वाहनाच्या अपघातात गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख रुपये भरपाई आहे. यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. त्याहून जास्त नुकसान झाले असेल, तर कलम १६६ खाली चूक दाखवून पूर्ण भरपाई मागता येते. त्यात दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, आलेले अपंगत्व, सोसलेल्या वेदना हे सर्व धरले जाते. कोणत्या कलमाखाली अर्ज करावा हे वकिलाला विचारून ठरवावे.

आमच्या भगिनींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पगाराची पावती नाही म्हणून भरपाई नाही, असे मुळीच नाही. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते धरलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पुन्हा स्पष्ट केले आहे.

विमा कोणाला लागू, कोणाला नाही

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे प्रत्येक वाहनाचा “थर्ड पार्टी” विमा सक्तीचा आहे. पहिला पक्ष वाहनमालक, दुसरा पक्ष विमा कंपनी आणि तिसरा पक्ष म्हणजे रस्त्यावरचे आपण सगळे. पायी जाणारा, सायकलवाला, दुसऱ्या वाहनातला माणूस यांच्यासाठी हा विमा आहे. रिक्षात, बसमध्ये भाडे देऊन बसलेला प्रवासीही त्यात येतो. हातगाडीचे, दुकानाचे नुकसान झाले तर त्याचीही भरपाई मागता येते.

पण दोन ठिकाणी आपली माणसे गाफील राहतात. पहिले, स्कूटरवर मागे बसलेली पत्नी किंवा मूल. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसणाऱ्याचा समावेश होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे. सर्वसमावेशक म्हणजे पॅकेज पॉलिसीत तो होतो. दुसरे, मालवाहू टेम्पो. लग्नाला, कार्यक्रमाला जाताना वस्तीतली वीस-पंचवीस माणसे टेम्पोत उभी राहून जातात. मालाच्या गाडीत अशा तऱ्हेने फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही. गाडी उलटली तर कंपनी हात वर करते आणि गरीब मालकाकडून भरपाई वसूल होता होत नाही. चार पैसे जास्त गेले तरी प्रवासी गाडीच करावी.

आता वाहन आपले असेल तर काय? २०२२ साली ठरलेल्या दराप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीच्या थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता ७१४ रुपये अधिक कर असा आहे. तो चुकवला आणि अपघात झाला, तर लाखांची भरपाई मालकाच्या खिशातून जाते. विम्याविना गाडी चालवल्याबद्दल पहिल्या वेळी दोन हजार आणि नंतर चार हजार रुपये दंड होऊ शकतो, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. भाच्याकडे किंवा शेजारच्या मुलाकडे लायसन नसताना रिक्षा त्याच्या हाती देणेही असेच महाग पडते. अशा वेळी न्यायालय पुष्कळदा जखमीला कंपनीकडून पैसे देववते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देते.

अपघात झाल्यावर काय करावे

१. जखमीला आधी दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. कलम १३४-अ त्याला संरक्षण देते. २०२५ च्या सरकारी योजनेप्रमाणे नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. तिथे त्याची चौकशी जरूर करा.

२. समोरच्या गाडीचा नंबर, चालकाचे नाव, लायसन आणि विमा पॉलिसी यांचा मोबाईलवर फोटो काढा. गाड्या हलवण्यापूर्वी रस्त्याचाही फोटो घ्या. दोन साक्षीदारांचे फोन नंबर लिहून घ्या.

३. मार लहान वाटला तरी पोलीस ठाण्यात नोंद करा आणि तिची प्रत घ्या. पोलीस जागेवर नसतील, तर चालकाने चोवीस तासांच्या आत ठाण्यात खबर देणे कलम १३४ प्रमाणे बंधनकारक आहे. विमा कंपनीलाही त्याने लेखी कळवले पाहिजे.

४. डॉक्टरांना “वाहन अपघात” असेच सांगा आणि केसपेपरवर तसे लिहून घ्या. “पाय घसरून पडले” असे लिहिले गेले, तर पुढे दावा लुळा पडतो. औषधांची प्रत्येक पावती जपा.

५. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. “माझी काही तक्रार नाही” असा मजकूर एक्स-रे निघण्यापूर्वी लिहून देऊ नका.

दावा कोठे करायचा

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. अपघात जिथे झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे, कुठेही करता येतो. गावाकडे अपघात झाला म्हणून तिकडे खेटे घालण्याची गरज नाही. २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. ती मुदत सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली आहे, तरी आपण सहा महिने धरूनच चालावे. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना विनामूल्य वकील मिळतो. मदतीचा फोन क्रमांक १५१०० आहे.

गाडीवाला पळून गेला आणि नंबरच मिळाला नाही, तरी आशा सोडू नका. २०२२ च्या योजनेप्रमाणे अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. त्याची चौकशी प्रांत किंवा तहसीलदार कचेरीतून होते. मात्र पोलिसांतली नोंद तिथेही लागतेच.

थोडा हिशेब

नुसता पत्रा चेपला, कुणाला लागले नाही, तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी पॅकेज पॉलिसीवर क्लेम करावा काय? आधी हिशेब मांडा. एकही क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. ती २० टक्क्यांपासून पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जाते. समजा हा हप्ता ४,००० आहे आणि तुम्हाला ५० टक्के सूट आहे. म्हणजे तुम्ही २,००० भरता. क्लेम केला की सूट शून्यावर येते. ती पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढत ५० वर जाईपर्यंत २,०००, १,२००, १,०००, ६०० आणि २०० मिळून पाच हजार रुपये जादा जातात. मग तीन हजारांच्या दुरुस्तीला क्लेम करून उपयोग काय? ती खिशातून केलेली बरी. पण हा हिशेब पत्र्याचा आहे. माणसाच्या हाडाला तो लावू नये.

पावसाळ्यापूर्वी आपण छत्रीची काडी बसवून घेतो, छपरावर प्लास्टिक टाकतो. त्याच दिवशी पॉलिसीची तारीख पाहावी, टायर आणि ब्रेक तपासावेत. पॉलिसी, आरसी आणि लायसनच्या प्रती एका पिशवीत ठेवाव्यात आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या बाईमाणसांना, मोठ्या मुलांनाही माहीत असावे. आणि कुणी पाचशेची नोट पुढे केलीच तर शांतपणे सांगावे, “दादा, आधी गाडीचा नंबर लिहून घेऊ द्या. आपण ठाण्यात जाऊ.”