71 फूट आणि सव्वापाच कोटी अक्षरं

राजुऱ्याहून वर्धेचा पूल ओलांडला की बल्लारपूर, मग चंद्रपूर, आणि पुढे भद्रावती. अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथल्या विजासन टेकडीत एक बौद्ध लेणं आहे. टेकडीच्या पोटात सरळ शिरणारा बोळ 71 फूट लांब. टोकाला गाभारा, त्यात ओट्यावर बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती. मुख्य बोळाला काटकोनात डावी-उजवीकडे आणखी दोन बोळ, त्यांनाही आपापला गाभारा आणि मूर्ती. वेरूळ बघून आलेला माणूस म्हणेल, एवढंच?

फुटांचा हिशेब इथेच सोडू आणि अक्षरांचा धरू.

इ.स. 639 च्या सुमारास चिनी बौद्ध भिक्खू ह्युएन त्सांग दक्षिण कोसल राज्यात आला. त्याने लिहून ठेवलंय: राज्याचा घेर 6,000 ली, म्हणजे अडीच-तीन हजार किलोमीटर, विहार शंभराच्या आसपास, भिक्खू दहा हजारांना थोडे कमी. राजधानी कुठली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कनिंगहॅमनी चांद्याकडे, म्हणजे आपल्या चंद्रपूरकडेच, बोट दाखवलं, फर्ग्युसननी वैरागडकडे, तर पुढे अनेकांचा कल छत्तीसगडमधल्या सिरपूरकडे गेला. याच कोसलाशी ह्युएन त्सांगने बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचं नाव जोडलं आहे.

नागार्जुनाची ‘मूलमध्यमककारिका’ साधारण 450 श्लोकांची. अनुष्टुभाची 32 अक्षरं धरली तर सगळी मिळून 14,400. दिवाळी अंकातली एखादी कथासुद्धा याहून मोठी भरते. पण 409 साली कुमारजीवाने ती चिनीत नेली, आणि 625 मध्ये एका कोरियन भिक्खूबरोबर तिच्यावर उभा राहिलेला पंथ जपानात पोहोचला.

ह्युएन त्सांग चीनला परतला तो 657 ग्रंथ वीस घोड्यांवर लादून. पुढची एकोणीस वर्षं तो भाषांतरच करत होता. साठीला टेकल्यावर त्याने ‘महाप्रज्ञापारमिता’ हाती घेतली. शिष्य म्हणाले, पाल्हाळ फार आहे, थोडं गाळू या. त्यालाही ते पटत आलं होतं. पण रात्री भयंकर स्वप्नं पडली, आणि एकही ओळ न गाळायचं ठरलं. 660 ते 663 या चार वर्षांत 600 खंड झाले. चिनी अक्षरं पन्नास लाखांच्या घरात, म्हणजे रोजची तीन हजारांहून जास्त.

आता राजुऱ्यापासून सरळ रेषेत पाच हजार किलोमीटरवर, दक्षिण कोरियातल्या हेइन्सा मठात जाऊ. मंगोलांच्या स्वारीत 1232 मध्ये कोरियातले त्रिपिटकाचे छपाईचे कोरीव लाकडी ठोकळे जळून गेले. युद्ध चालू असतानाच कोरियाने ते पुन्हा कोरायला घेतले आणि 1251 मध्ये पुरे केले. हेइन्सात आहेत ते हेच. ठोकळे 81,258. दोन्ही बाजू कोरलेल्या, प्रत्येक बाजूला 23 ओळी, ओळीत 14 अक्षरं. गुणाकार केला तर जागा भरते 5 कोटी 23 लाख अक्षरांची. तीही उलटी कोरलेली, कारण छापल्यावर ती सुलटी यायला हवीत. सोळा वर्षांत हे काम उरकायचं तर रोज नऊ हजार अक्षरं.

लाकूड घनफुटात मोजणाऱ्या आपल्या मुलखाला या ठोकळ्यांचं वजनही सांगायला हवं. एकेक ठोकळा साडेतीन किलोचा धरला तर एकूण 284 टन, म्हणजे बल्लारपूरच्या डेपोतून निघावेत तसे दहाटनी अठ्ठावीस ट्रक. जाडी नुसती अडीच सेंटीमीटर धरून एकावर एक रचले तर ढीग दोन हजार मीटरच्या वर जातो. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. या ठोकळ्यांत ह्युएन त्सांगचे 600 खंड सर्वांत आधी येतात, आणि नागार्जुनाच्या कारिकाही त्यांत आहेत.

हा हिशेब कोरियात थांबत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला चांद्यात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. या लोकांच्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिकू दिलं गेलं नव्हतं. चीन-कोरियाने ज्या धम्मासाठी कोट्यवधी अक्षरं लिहिली आणि कोरली, तो त्याच्या जन्मभूमीत त्यांनीच पुन्हा उभा केला. त्यामुळे विजासनचा बोळ लहान की मोठा, हे ठरवताना नुसत्या टेपवर भिस्त ठेवून चालणार नाही.