चढावर बदलणारी वाइन

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात बोन नावाचं जुनं तटबंदीचं शहर आहे. त्याच्या दक्षिणेला द्राक्षबागांमधून एक सायकलवाट निघते. पोमार, व्होलने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे ही गावं घेत ती सांतनेला पोचते. अंतर जेमतेम 22 किलोमीटर. मोटारीतून एवढ्या प्रवासात डोंगराच्या एका अंगाला हिरवे पट्टे दिसतात आणि संपतात. त्याच पट्ट्यांत जगातल्या सर्वांत महागड्या वाइनपैकी काहींची जमीन होती, हे कळायलाही वाव राहत नाही.

म्हणूनच फ्रान्सचा वाइनप्रदेश पाहायला कॅम्परव्हॅन आणि विजेवर चालणारी सायकल ही जोडी उत्तम. व्हॅनमध्ये झोपायचं, स्वयंपाक करायचा, एका भागातून दुसऱ्या भागात जायचं. बागा पाहायच्या त्या मात्र सायकलवरून.

यामागचं कारण बर्गंडीच्या जमिनीतच आहे. दिजोंपासून सांतनेच्या आसपासपर्यंत चुनखडीची एक लांबलचक टेकडी पसरली आहे आणि तिचा उतार साधारण पूर्वेकडे, सकाळच्या उन्हाकडे तोंड करून आहे. पायथ्याच्या सपाट, खोल, ओल धरणाऱ्या मातीत साधी वाइन होते. थोडं वर गेलं की गावाच्या नावानं विकली जाणारी, त्याच्या वर ‘प्रमिए क्रू’, आणि मोजक्या ठिकाणी, उताराच्या मधल्या भागात, ‘ग्राँ क्रू’ हा सर्वोच्च दर्जा. तिथं माती पातळ, निचरा चांगला आणि ऊन भरपूर. आणखी वर चढलं तर गारवा वाढतो, माती विरळ होते आणि रान सुरू होतं. हा सगळा फरक काहीशे मीटरांच्या चढात सामावलेला आहे. सायकलस्वाराला तो पोटऱ्यांत जाणवतो: चढ लागतो, मोटर जोर लावू लागते आणि बाजूच्या बागेचा दर्जा बदललेला असतो.

युरोपात अशा सायकलला 250 वॉटपर्यंतची मोटर चालते. पॅडल मारलं तरच ती मदत करते आणि ताशी 25 किलोमीटरला थांबते. बागांच्या चढउतारांसाठी एवढं पुरतं. साठीच्या पुढचे प्रवासीही न थकता दिवसभर फिरू शकतात.

पोमार आणि व्होलनेच्या वेलींवर काळी पिनो न्वार द्राक्षं असतात. पुढं मर्सोला पोचेपर्यंत बहुतेक वेली पांढऱ्या शार्दोनेच्या झालेल्या असतात. प्युलिन्यीच्या वरच्या अंगाला येते मोंराशेची बाग. तिचं क्षेत्र सुमारे 8 हेक्टर, म्हणजे 20 एकरांच्या आत-बाहेर, आणि तेही दोन गावांत आणि अनेक मालकांत वाटलेलं. अशा नाव असलेल्या, सीमा ठरलेल्या तुकड्यांना इथं ‘क्लिमा’ म्हणतात. असे 1,247 क्लिमा 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. मध्ययुगात मठांतल्या साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या बागा राखून कोणत्या तुकड्यातून काय निघतं ते पारखलं. 1395 मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने भरघोस पिकणाऱ्या गामे जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. प्रमाणापेक्षा प्रत मोठी हा आग्रह इथं सहाशे वर्षांहून जुना आहे.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला या बागा पाहून नवल वाटेल. मांडव नाही, वाय आकाराचे अँगल नाहीत. वेली कमरेएवढ्या उंचीच्या, ओळींत जेमतेम एक मीटरचं अंतर आणि हेक्टरी सुमारे 10,000 वेली. ट्रॅक्टर दोन ओळींमध्ये मावत नाही, म्हणून उंच पायांचे ट्रॅक्टर वेलींच्या डोक्यावरून चालतात. ठिबकच्या नळ्याही दिसत नाहीत; वाइनच्या बागा पावसावर वाढतात. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या. तिथं हिवाळ्यात एकच. आणि भीती अवकाळीइतकीच एप्रिलच्या गोठणाऱ्या दहिवराची. 2021 च्या एप्रिलमध्ये कोवळे कोंब वाचवायला शेतकऱ्यांनी बागांत रात्रभर मोठाल्या मेणबत्त्या पेटवल्या होत्या, तरी मोठं नुकसान झालंच.

व्हॅनचा मुक्काम कुठं करायचा, हा प्रश्न फ्रान्समध्ये फार अवघड नाही. नगरपालिकांनी व्हॅनसाठी राखलेल्या जागा अनेक गावांत आहेत; तिथं पाणी भरता येतं, सांडपाणी सोडता येतं. ‘फ्रान्स पॅसियों’ ही योजना मला याहून मोलाची वाटते. तिच्या सभासदांना दोन हजारांहून अधिक शेतकरी आणि वाइन बनवणारे आपल्या आवारात 24 तास विनामूल्य थांबू देतात. व्हॅनमध्ये स्वतःचा संडास आणि सांडपाण्याची टाकी हवी, एवढी अट. खरेदीची सक्ती नसते. संध्याकाळी ज्याच्या बागेत गाडी उभी आहे त्याच्याशीच गप्पा होतात. हॉटेलात हे मिळत नाही.

वजनाचं गणित मात्र आधी करावं. साध्या मोटारीच्या परवान्यावर चालणाऱ्या व्हॅनची मर्यादा माल-माणसांसकट साडेतीन टन. दोन ई-सायकलींचे 50 किलो, टाकीतलं 100 लिटर पाणी आणि वाइनच्या 12 बाटल्यांच्या खोक्याचे पंधराएक किलो धरले तर मर्यादा पटकन गाठली जाते. मागच्या रॅकवर सायकली चढवताना बॅटऱ्या काढून आत ठेवाव्यात. 500 वॉट-तासांची एक बॅटरी भरायला व्हॅनची 100 अँपिअर-तासांची बॅटरी जवळपास निम्मी रिकामी होते. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी विजेची जोडणी असलेल्या तळावर थांबलेलं बरं. विकत घेतलेल्या बाटल्या उन्हात तापणाऱ्या व्हॅनमध्ये ठेवू नयेत, वाइन बिघडते.

चव घ्यायला जाताना आधी वेळ ठरवावी. बर्गंडीतली वाइन बनवणारी बरीच घराणी लहान आहेत आणि दुपारी 12 ते 2 जेवणाला बंद असतात. पेल्यातला घोट चाखून भांड्यात थुंकणं तिथं रीतीचंच आहे, त्यात यजमानाचा अपमान नाही. रक्तातल्या अल्कोहोलची लिटरला अर्धा ग्रॅम ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, त्यामुळं थुंकण्याची सवय लावून घ्यावीच.

सांतनेच्या दक्षिणेला जिव्रीहून क्लुनीपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर सायकलवाट आहे, 1990 च्या दशकात फ्रान्समध्ये झालेल्या अशा पहिल्या वाटांपैकी एक. क्लुनीला 910 मध्ये स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. तिथून माकोंकडे जाताना 1.6 किलोमीटरचा बोगदा लागतो. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात, तेव्हा टेकडी ओलांडून जावं लागतं.

मे-जून हा काळ फिरायला सर्वांत चांगला. द्राक्षतोडणी पाहायची असेल तर सप्टेंबर धरावा, पण तोडणी हल्ली लवकर होऊ लागली आहे. बोनच्या तोडणीच्या नोंदी 1354 पासूनच्या मिळतात आणि 1988 नंतर तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे 13 दिवस लवकर सुरू होते. 2003 आणि 2020 मध्ये तर ती ऑगस्टमध्येच उरकायला घेतली होती. म्हणून सप्टेंबरअखेरचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची तोडणी कधी लागणार, हे एखाद्या बागायतदाराला विचारून घ्यावं.