जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं का? पेठसारख्या गावात गेमिंग पीसी जमवताना आधी हे बघा

फोनवर बीजीएमआय आणि फ्री फायर खेळून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, पीसी कधी घ्यायचा? मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर म्हणून काम करतो, पण माझं गाव पेठ, नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. गावाकडच्या मुलांचा मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज साधारण असा असतो: "दादा, ऑफिसमधला जुना डेस्कटॉप स्वस्तात मिळतोय. त्यात सेकंडहँड कार्ड टाकू का? जीटीएक्स १०६० बरं की आरएक्स ५८०?"

आधी थोडक्यात उत्तर देतो. सेकंडहँड कार्ड जरूर घ्या, पण २०१६-१७ च्या पिढीचं शक्यतो नको. पॉवर सप्लाय चांगला असेल तर आरटीएक्स २०६० सुपर, आरटीएक्स ३०६० किंवा आरएक्स ६६०० बघा. ऑफिसच्या छोट्या डेस्कटॉपमध्ये मात्र जीटीएक्स १६५० वरच थांबा. आता असं का, ते नीट समजून घेऊ. कारण या पीसीसाठी घरच्यांनी बहुतेक वेळा 'अभ्यासाला लागतो' म्हणून पैसे दिलेले असतात. चुकीच्या कार्डामुळे पॉवर सप्लाय उडाला, तर गेमही जातो आणि अभ्यासाचा पीसीही.

कार्ड 'जुनं' होतं म्हणजे नक्की काय होतं?

यूट्यूबवर बेंचमार्क बघून आपण फक्त एफपीएस मोजतो. पण कार्ड तीन वेगवेगळ्या प्रकारे जुनं होतं.

पहिला प्रकार ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे विंडोज, गेम आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. नवीन गेम आली की कंपनी तिच्यासाठी ड्रायव्हर सुधारून देते. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेसाठी हे काम ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत या कार्डांना फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. एएमडीच्या आरएक्स ४०० आणि ५०० मालिकांचा सपोर्ट तर २०२३ च्या शेवटीच आखडता घेतला गेला. अँड्रॉइडचे अपडेट बंद झालेला फोन जसा असतो, तसंच हे. आज सगळं चालतं, पण एखाद्या दिवशी एखादी नवी गोष्ट चालत नाही आणि ती दुरुस्त करणारं कोणी नसतं.

दुसरा प्रकार हार्डवेअरमधल्या सोयींचा. रे ट्रेसिंग म्हणजे प्रकाशाचे किरण कुठे आपटतात आणि कसे परततात याचा हिशोब करून सावल्या आणि प्रतिबिंबं दाखवणं. आधी ही हौसेची सेटिंग होती, नको असेल तर बंद करता यायची. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ला आणि मे २०२५ च्या 'डूम: द डार्क एजेस'ला रे ट्रेसिंग करू शकणारं कार्डच लागतं. दोन्हींच्या किमान गरजेत आरटीएक्स २०६० सुपर आणि आरएक्स ६६०० ही नावं आहेत, दोन्ही ८ जीबीची. २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय ११ जीबीचं आहे, साध्या गेम्समध्ये आजही जोरदार पळतं, पण या यादीत ते बसत नाही.

तिसरा प्रकार मेमरीचा, म्हणजे व्हीरॅमचा. गेममधल्या भिंती, कपडे, झाडं यांची चित्रं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलेली असतात. ती भरली की उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये जातो आणि गरज पडेल तेव्हा मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून परत आणावा लागतो. त्या क्षणी गेम अडखळते. सरासरी एफपीएस ६० दिसतो, पण शत्रू समोर आला की चित्र थिजतं. पीसीत जास्त रॅम टाकून कार्डाची मेमरी वाढत नाही, हे लक्षात ठेवा. नवीन मोठ्या गेम्स १०८०पी वर खेळायच्या असतील तर आज ८ जीबी ही सुरुवात समजा.

मग कोणतं कार्ड कुठे बसतं?

*जीटीएक्स १०५० टीआय, १०६०, आरएक्स ५७०, आरएक्स ५८०:* व्हॅलोरंट, सीएस २, जुनी जीटीए ५ एवढंच खेळायचं असेल तर काम भागतं. पण ड्रायव्हरची वाट जवळपास संपलेली आहे. घरात कोणाकडे पडून असेल, फुकट किंवा अगदी किरकोळ किमतीत मिळत असेल तरच घ्या. जीटीएक्स १०६० चे ३ जीबी आणि ६ जीबी हे दोन प्रकार फक्त मेमरीत वेगळे नाहीत. ३ जीबीवाल्यात कोरही कमी आहेत, १२८० ऐवजी ११५२.

*जीटीएक्स १६५०, १६६० सुपर:* ही २०१९ ची कार्डं. रे ट्रेसिंगचे वेगळे कोर नाहीत, पण आतली रचना आरटीएक्स २० च्याच पिढीची असल्यामुळे २०२५ च्या ड्रायव्हर कपातीतून ती वाचली. ऑनलाइन गेम्स खेळणाऱ्यांसाठी मधला मार्ग.

*आरटीएक्स २०६० सुपर, आरटीएक्स ३०६० १२ जीबी, आरएक्स ६६००:* सेकंडहँड बाजारात पैसे टाकायचे तर इथे. आरटीएक्स कार्डांचा एक मोठा फायदा म्हणजे डीएलएसएस. गेम आत कमी रिझोल्युशनला चालते आणि कार्ड एआयच्या मदतीने चित्र मोठं आणि स्वच्छ करून दाखवतं. २०२५ मध्ये या अपस्केलिंगची नवी, सुधारलेली आवृत्ती आली तेव्हा ती २०१९ च्या आरटीएक्स कार्डांनाही मिळाली. नवीन फ्रेम तयार करणारी फ्रेम जनरेशनची सोय मात्र आरटीएक्स ४० पासून पुढेच आहे. आरएक्स ६६०० फक्त १३२ वॅट घेतं, हा त्याचा गुण. एएमडीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आरएक्स ६००० मालिकेचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले, त्यावरून बराच गोंधळ झाला आणि नंतर कंपनीने नव्या गेम्सचा सपोर्ट चालू राहील असं स्पष्ट केलं. म्हणजे दार उघडं आहे, पण त्यावर लक्ष ठेवायला हवं.

ऑफिसवाला डेस्कटॉप: आधी एसएमपीएस बघा

बँका आणि कंपन्यांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क असे पीसी आपल्याकडे खूप विकले जातात. पीसी म्हणून ते दणकट असतात. पण छोट्या कॅबिनेटवाल्या मॉडेलमध्ये एसएमपीएस साधारण १८० ते २५५ वॅटचा असतो. कार्डाला लागणारी ६ किंवा ८ पिनची केबल त्यात नसते आणि एसएमपीएसचा आकार कंपनीचा खास असल्यामुळे बाजारातला दुसरा बसत नाही. आरएक्स ५८० एकटं १८५ वॅट मागतं. अडॅप्टर लावून ते चालवायचा जुगाड करू नका.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल्स तेवढ्यावरच चालतात, म्हणून अशा पीसीला तेच योग्य. घेताना 'लो प्रोफाइल', म्हणजे कमी उंचीचं कार्ड आणि त्याची छोटी पट्टी मिळतेय ना, एवढं बघा.

इथे एक सापळा आहे. आरएक्स ६४०० हे २०२२ चं कार्ड, छोटं आणि ५३ वॅटचं. कागदावर नवं वाटतं. पण ते स्लॉटच्या फक्त ४ लेन वापरतं. नव्या मदरबोर्डवर ठीक, जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० वर मात्र त्याचा वेग पडतो आणि जीटीएक्स १६५० पुढे जातं. शिवाय गेमप्ले रेकॉर्ड करायला लागणारा एन्कोडरही त्यात नाही.

प्रोसेसरही बघा. चौथ्या किंवा सहाव्या पिढीच्या चार कोरच्या आय५ वर आरटीएक्स ३०६० टाकलं तर कार्ड निम्मा वेळ प्रोसेसरची वाट बघत बसेल. हे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुगाड करून विंडोज ११ टाकलंत, तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट नसलेल्या मशीनवर व्हॅलोरंट सुरूच होत नाही.

लाईट, पाऊस आणि घाट

शहरातले यूट्यूबर ज्या गोष्टींबद्दल बोलत नाहीत, त्या आपल्याकडे महत्त्वाच्या आहेत. पेठच्या घाटपट्ट्यात पावसाळ्यात लाईट दिवसातून किती वेळा जाते-येते ते तुम्हाला सांगायला नको. लाईट परत येतानाचा झटका आणि कमी-जास्त होणारं व्होल्टेज यात आधीच थकलेलं कार्ड पहिलं जातं.

आपल्याकडे सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. जीटीएक्स १६५० वाला पीसी आणि मॉनिटर त्यावर आरामात तग धरतो, गेम सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो. आरएक्स ५८० वाला पीसी गेम चालू असताना त्याच यूपीएसला जवळजवळ काठापर्यंत नेतो. बिलाचंही बघा. दोन कार्डांत ११० वॅटचा फरक आहे. रोज ३ तास खेळलं तर महिन्याला जवळपास १० युनिट जास्त. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा, वर्षाचा आकडा समोर येईल.

दमट हवा हा आणखी एक मुद्दा. सेकंडहँड कार्डाच्या स्क्रूवर आणि पोर्टवर गंज दिसला तर ते सोडून द्या. कार्ड बिघडलं तर सावळघाट, कोटंबी घाट ओलांडून पन्नासेक किलोमीटर नाशिकला न्यावं लागणार. प्रत्येक खेपेला भाडं आणि एक दिवस जातो. म्हणून आपल्याला वॉरंटीची किंमत शहरातल्या मुलापेक्षा जास्त आहे.

डेटाही मोजा. शंभर जीबीची गेम रोजच्या २ जीबी पॅकवर उतरवायची तर ५० दिवस लागतील. घरी ब्रॉडबँड किंवा अमर्याद ५जी नसेल, तर मोठ्या गेम्ससाठी महाग कार्ड घेऊन उपयोग काय, हे आधी स्वतःला विचारा.

मायनिंगची आणि बनावट कार्डं

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि चोवीस तास राबलेली कार्डं जगभरच्या सेकंडहँड बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलंच असं नाही. पण त्याचे पंखे, थर्मल पेस्ट आणि पॅड झिजलेले असतात. 'पी१०६-१००' नावाचं कार्ड स्वस्त दिसलं तर सावध व्हा, ते खास मायनिंगसाठी बनवलेलं आहे आणि त्याला मॉनिटर जोडायला पोर्टच नाही.

'नवं कोरं आरएक्स ५८०' म्हणून विकली जाणारी अनेक कार्डं '२०४८एसपी' प्रकारची असतात. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर असतात, यात २०४८, म्हणजे प्रत्यक्षात ते आरएक्स ५७० च्या जवळचं.

पैसे देण्याआधी एवढं करा

१. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. नाव, मेमरी आणि शेडरची संख्या जुळवा. बायोस बदलून नाव खोटं केलेली बरीच कार्डं ते पकडतं आणि तसं स्पष्ट लिहून दाखवतं.

२. फरमार्क दहा मिनिटं आणि मग एखादी खरी गेम पंधरा मिनिटं चालवा. तापमान ८५ अंशांच्या वर जाऊन थांबत नसेल, स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा रेघा आल्या, किंवा पंखा खरखरला तर घेऊ नका.

३. सगळे डिस्प्ले पोर्ट एकेक करून जोडून बघा.

४. मूळ बिल आणि कार्डावरचा सिरीयल नंबर जुळतो का ते तपासा. वॉरंटी उरली असेल तर कंपनीच्या साइटवर खात्री करा.

५. लॅमिंग्टन रोडवरून घ्या की नाशिकच्या दुकानातून, कार्ड समोर चालू करून घ्या. अनोळखी माणसाला यूपीआयने आगाऊ पैसे पाठवू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

किंमत किती योग्य?

बाजारभाव दर आठवड्याला बदलतो, म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा हिशोब शिका. समजा नवं कार्ड २०,००० रुपयांना आहे आणि ३ वर्षांची वॉरंटी आहे. म्हणजे खात्रीच्या ३६ महिन्यांचे महिन्याला सुमारे ५५५ रुपये. तेवढाच वेग देणारं सेकंडहँड कार्ड १२,००० ला मिळालं आणि दीड वर्षात गेलं, तर महिन्याला ६६७ पडले. स्वस्त कार्ड महाग झालं! १०,००० ला मिळालं असतं तर बरोबरी. म्हणून माझा नियम साधा आहे: वॉरंटी नसलेल्या कार्डाला तशाच नव्या कार्डाच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका.

तर मग काय करायचं?

छोटा ऑफिस डेस्कटॉप असेल आणि व्हॅलोरंट, सीएस २ पुरेसं असेल, तर जीटीएक्स १६५० घ्या, त्यापुढे त्या पीसीवर खर्च करू नका. सहा कोरचा बरा प्रोसेसर आणि ४५०-५०० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस असेल, तर आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ३०६० शोधा. आणि पीसी अजून घेतलाच नसेल, तर रायझेन ५ ५६००जी सारखा ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर दोन रॅमच्या पट्ट्यांसोबत घेऊन सुरुवात करा. हलक्या ऑनलाइन गेम्स त्यावर चालतात, वीज कमी लागते आणि अभ्यास अडत नाही. कार्ड पुढच्या वर्षी पैसे साठले की टाकता येतं. फक्त कॅबिनेट आणि एसएमपीएस घेतानाच त्याच्यासाठी जागा ठेवा.